सत्तरीच्या माणसाची वजावट

६ सप्टेंबर २०१५, रविवार. ग्योतोकु

जपानला येऊन तीन दिवस झाले आणि आज पहिल्यांदा मला कुणीतरी कामाचं काही विचारलं. नाहीतर आपलं 'बाबा, बसा', 'बाबा, तुम्ही नका करू', 'बाबा, तो कचरा त्या पिशवीत नाही, या पिशवीत'. डोंबिवलीत जन्मभर लोकांची आयकराची विवरणपत्रं भरून देणाऱ्या माणसाला कचऱ्याचे वर्ग कळू नयेत, हे मनाला लागलं.

जेवताना जावई अंबरीषराव म्हणाले, "बाबा, एक कोडं घालू? गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही इथे आलो. हातात छान पगार यायचा. या जूनमध्ये मला पगारवाढ मिळाली आणि हातात कमी आला. का सांगा."

मी विचारलं, कापलं कुणी? म्हणाले, गावाने.

मग सगळं बाहेर आलं. इथे माणसाच्या उत्पन्नावर दोन वाटेकरी आहेत. एक देश, एक गाव. देशाचा आयकर दर महिन्याच्या पगारातून कापतात आणि डिसेंबरात कमीजास्त मिटवून टाकतात. गावाचा कर, म्हणजे शहराचे सहा टक्के आणि प्रांताचे चार, हा आदल्या वर्षीच्या कमाईवर असतो आणि मागायला येतो पुढच्या जूनमध्ये. तुम्ही एक जानेवारीला ज्या गावात राहत असाल, ते गाव मागतं. म्हणजे देश आजच्या जेवणाचे पैसे आज घेतो, गाव कालच्या जेवणाचं बिल उद्या पाठवतं! नवीन माणूस पहिल्या वर्षी फुकट जेवतो आणि त्याला वाटतं, वा, काय स्वस्ताई.

आपल्याकडे राज्याचा म्हणून तो एवढासा व्यवसाय कर. त्यापुढे हे फारच रंगतदार. मी दुसरी पोळी घ्यायची विसरलो.

प्रणिता म्हणाली, "बाबा, आमच्या पुढच्या वर्षीच्या कराचा अंदाज काढून द्याल? म्हणजे... समजा, माझा पगार वर्षभर बंद झाला तर?"

मी पोरीकडे पाहिलं. ती ताटाकडे पाहत होती. संशोधन संस्थेतली तिची नोकरी कराराची आहे हे मला माहीत आहे. काही विचारलं नाही. जावयासमोर लेकीला असं विचारू नये.

नंतर तिने विचारलं, "करमतंय ना?" मी म्हटलं, नव्वद दिवसांच्या पाहुण्याला न करमायला काय झालं? त्यावर ती उठून ताटं उचलू लागली.

१८ सप्टेंबर, शुक्रवार

काल गणपती झाले. तांदळाचं पीठ थेट ओजिमाच्या भारतीय दुकानातून आणलं. मोदक मी वळले, बरे झाले. प्रणिताने एकही खाल्ला नाही, तुपाचा वास नको म्हणाली. माझ्या सुरेखाच्या लेकीला तुपाचा वास नको! त्याऐवजी ही खालच्या कोंबिनीतून, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातून, खारवलेले आंबट प्लम आणते आणि नुसते चोखत बसते. पार जपानी झाली.

कॉफीही सोडली आहे. मन ठिकाणावर नसलं की माणसाचं खाणंपिणं असंच विस्कटतं. करार नक्की संपलाय हिचा.

अंदाजाचं काम मात्र सुरेख चाललंय. आज एक नवीन गंमत सापडली. दोन हजार अकराच्या भूकंपानंतरच्या उभारणीसाठी आयकरावर आणखी कर आहे. शंभर येन आयकर असेल तर वर दोन येन आणि एका येनचा दहावा भाग. पंचवीस वर्षं चालायचा आहे, तोही असा बारीक की कुणाच्या पगारात दिसू नये. मी अंबरीषरावांना म्हटलं, तुमच्या मागच्या महिन्याच्या पगारातून कुठल्यातरी किनाऱ्यावर एखादी वीट लागली असेल. ते हसले, पण मग पगाराची चिठ्ठी काढून पुन्हा बघत बसले.

२९ सप्टेंबर, मंगळवार

आज मी शहराच्या कचेरीत जाऊन आलो. दुभाषी म्हणून नातीला, आर्याला घेतलं. वय वर्षं आठ, शाळेतून आल्याआल्या.

खिडकीवरच्या बाई फारच अदबशीर. मी मराठीत विचारायचो, आर्या जपानीत सांगायची. बाई पाच मिनिटं बोलायच्या आणि आर्या मला सांगायची, "हो म्हणतायत." मी म्हटलं, अगं, एवढं बोलल्या त्या! तर म्हणे, "बाकीचं सॉरी होतं, आजोबा."

तरी दोन गोष्टी पदरात पडल्या. एक, बाई आमचा हिशेब करून देणार नाहीत, पण कसा करायचा त्याचा कागद देतील. दिला. दुसरी गोष्ट ऐकून मी चाट पडलो. सोळा वर्षांखालच्या मुलाची वजावट शून्य. देशाकडेही शून्य, गावाकडेही शून्य. त्याऐवजी भत्ता देतात म्हणे. म्हणजे ही एवढी धडधाकट आर्या, दिवसाला चार अंडी खाणारी, करात कुठे दिसतच नाही.

येताना तिला म्हटलं, "तुझी किंमत शून्य बरं का."

ती म्हणाली, "मग दोन असले तरी झिरोच?"

"दोन काय, दहा असले तरी शून्यच. पण दोन कुठून आले?"

तिने एकदम दोन्ही हात तोंडावर ठेवले. म्हणाली, "हिमित्सु." मी विचारलं, म्हणजे काय? तर त्याचाही अर्थ सांगेना. घरी आल्यावर अंबरीषरावांना विचारलं. ते म्हणाले, हिमित्सु म्हणजे गुपित. आणि घाईने आंघोळीला गेले. संध्याकाळी पाच वाजता.

११ ऑक्टोबर, रविवार

आज दोघं माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि प्रश्न विचारू लागली. मला आपल्या जुन्या ऑफिसात बसल्यासारखं वाटलं. फक्त पंखा हवा होता.

अंबरीषराव म्हणाले, "बाबा, कर जाण्याआधीचं घराचं उत्पन्न ऐंशी लाख येनच्या वर राहील ना? माझं एकट्याचं धरून? बोनससकट?"

मी म्हटलं, राहील. थोडंच वर, पण राहील. मात्र ऐंशी लाखांचं काय घेऊन बसलात? मी टप्प्यांचं कोष्टक तीनदा वाचलंय. कराचा दर बदलतो तो करपात्र रक्कम एकोणसत्तर लाख पन्नास हजार झाली की, मग नव्वद लाख झाली की. ऐंशीवर काही म्हणजे काही होत नाही.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बँकेत काम करणाऱ्या माणसाला हे माहीत नसावं याचं मला नवल वाटलं. पण जावई आहेत, ताणलं नाही.

मग प्रणिता म्हणाली, "आणि बाबा, घरात कुणी वडीलधारं माणूस राहायला असेल तर? सत्तरीचं?"

मला हे पाठच होतं. सत्तर वर्षं पूर्ण झालेले, पदरी असलेले आईबाप किंवा सासूसासरे घरात एकत्र राहत असतील, तर देश पाच लाख ऐंशी हजार येनची वजावट देतो, गाव साडेचार लाखांची. म्हातारा देशाला महाग, गावाला स्वस्त. मी हे म्हटल्यावर अंबरीषराव मोठ्याने हसले, प्रणिता नाही. म्हणाली, "असं नका बोलू ना."

आता लक्षात आलं. विहीणबाई येणार इथे राहायला.

बरोबरच आहे. मुलाची आई आहे. जयमालाताई कोथरूडला बहिणीजवळ असतात, तब्येत ठणठणीत, स्वभाव चांगला. सत्तरीच्या मात्र वाटत नाहीत. माझ्याहून चांगल्या पाच-सात वर्षांनी लहान असतील असं मला लग्नात वाटलं होतं. मी स्वतः येत्या नोव्हेंबरात सत्तरचा होतो. पण बायकांच्या वयाचा अंदाज काढायला कुठलंच कोष्टक नाही.

माझी ही खोली त्यांना देतील. खिडकी चांगली आहे. सकाळी ऊन येतं.

१८ ऑक्टोबर, रविवार

जयमालाताईंना फोन केला. म्हटलं, आडून आडून विचारावं. वयाचं कसं विचारणार? म्हणून आधी जपानच्या कराविषयी बोललो. देशाचा, गावाचा, भूकंपाचा असं सविस्तर. त्यांनी शांतपणे ऐकलं. मध्येच एकदा कुकरची शिट्टी झाली तेवढं त्या उठून आल्या. शेवटी मी म्हटलं, "तुम्ही इथे आलात तर तुम्हाला आवडेल हो. लोक सभ्य आहेत."

त्या म्हणाल्या, "पंढरीनाथभाऊ, तुम्हाला आवडलंय का?"

मी म्हटलं, माझा काय प्रश्न, मी एक डिसेंबरच्या आत परत.

"बरं," असं म्हणून त्या उगाचच हसल्या. फोन ठेवल्यावर वाटलं, बाईंना आपली दया आली की काय?

खरं लिहायचं तर डोंबिवलीचं घर परवापासून सारखं आठवतंय. सुरेखा गेल्यापासून तिथे मी चहा एकाच कपाने मोजून करतो. इथे सकाळी चार माणसं एकाच वेळी मोजे शोधत असतात. सवय वाईट.

७ नोव्हेंबर, शनिवार

आज मला सत्तर पूर्ण झाली. प्रणिता मला टोकियोत जेवायला घेऊन गेली. तोझाई लाइनला सुटीच्या दिवशीही ही गर्दी. पण जपानी माणसाची सभ्यता काय वर्णावी! आम्ही चढताच एक तरुण ताडकन उठला. मी "थँक यू, थँक यू" म्हणत बसायला गेलो, तर त्याने मला नम्रपणे बाजूला करून प्रणिताला बसवलं. येतानाही तेच. शाळकरी मुलगी उठली, प्रणिताला बसवलं, मी उभा. डोक्यावर एकही काळा केस नसलेला माणूस दांडी धरून उभा आणि छत्तीस वर्षांची बाई बसलेली. वेगळी रीत असेल इथली, आधी बायका.

तिने पर्सला एक गुलाबी बिल्ला लटकवलाय, काहीतरी गोलगोल तोंडांचं चित्र आहे. इथे मोठी माणसंही असलं काहीबाही लटकवतात. मी विचारलं तर म्हणाली, "संस्थेत मिळाला."

जरा अंगाने भरली आहे. काळजीत माणूस खातो. उतरताना मी म्हटलं, "पोरी, नोकरी गेली तर गेली. बाप जिवंत आहे." तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "तेच तर."  'तेच तर' म्हणजे काय?

२२ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो.

दुपारचा चहा झाल्यावर मी माझा अंदाज सादर केला. म्हटलं, पुढचं वर्ष परवडतं. प्रणिताचा पगार थांबला तरी गाव थांबणार नाही. या वर्षीच्या तिच्या कमाईचं बिल येत्या जूनमध्ये येणारच, तेवढे पैसे आजच वेगळे काढा. लोक इथेच फसतात. बाकी निभतं. आणि जयमालाताई वर्षभर इथे राहिल्या, तर देशाचा, गावाचा आणि भूकंपाचा मिळून कर सुमारे एक लाख त्रेसष्ट हजार येननी उतरतो. तेव्हा त्यांना खुशाल बोलवा. माझी ही खोली त्यांना द्या, फक्त खिडकीचा पडदा बदला.

अंबरीषराव म्हणाले, "आई? आई कशाला?"

"मग सत्तरीचं माणूस कोण?"

आर्या टेबलावर उभीच राहिली. "आजोबा! यू आर सेव्हंटी!"

 प्रणिता हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाली, "बाबा, मला दिवस गेलेत. पाचवा महिना चालू आहे. माझा करार नाही संपला, मी रजा घेणार आहे."

आंबट प्लम, तूप आणि तो गुलाबी बिल्ला, जो इथे गरोदर बायका लावतात. सगळी रेल्वे मला सांगत होती आणि मी दांडीला लटकून जपानी संस्कृतीचा अभ्यास करत होतो!

मग अंबरीषरावांनी ऐंशी लाखांचं सांगितलं. त्यांच्याकडे जास्त शिकलेल्या परदेशी नोकरदारांचा खास व्हिसा आहे. घरात बाळ येणार असेल, किंवा सात वर्षांच्या आतलं मूल असेल, तर त्या व्हिसावर नवराबायकोपैकी एकाच्या आईवडिलांना मदतीला येऊन राहता येतं. अट अशी की घराचं उत्पन्न ऐंशी लाखांवर हवं. तो आकडा कराचा नव्हताच.

मी विचारलं, "मला सरळ का नाही विचारलंत?"

प्रणिता म्हणाली, "तुम्ही पहिला प्रश्न 'परवडतं का' हाच विचारला असता. म्हणून हिशेब आधी तुमच्याकडूनच करून घेतला. आता नाही म्हणायला तुम्हाला कारण उरलं नाही."

आणि मी नाही म्हणालो. तोंडातून निघूनच गेलं. म्हणालो, जन्मभर लोकांच्या फॉर्मवर 'अवलंबित' या रकान्यात त्यांचे आईबाप मी लिहिले. त्या रकान्यात मी स्वतः बसणार नाही.

प्रणिता उठून आत गेली.

२३ नोव्हेंबर, सोमवार

आज इथे सुटी. सकाळीच जयमालाताईंचा फोन. इकडची बातमी पोचली होती.

"भाऊ, परवानगी एकाच बाजूला असते. अंबरीषने आधी मलाच विचारलं होतं. मी सांगितलं, माझी इथे बहीण आहे, मैत्रिणी आहेत, मला तिथली थंडी नको. पंढरीनाथभाऊंना विचार, ते एकटे आहेत."

मी जरा तापलो. "मी एकटा आहे असं कोण म्हणतं?"

"अहो, मुलीच्या सासूला फोन करून कुकर होईस्तोवर जपानचा कर समजावून सांगणारा माणूस एकटाच असतो," त्या म्हणाल्या. "आणि मी चौसष्ट वर्षांची आहे. तुम्ही मला सत्तरीची केलीत ते मी विसरणार नाही."

मी हसलो. बऱ्याच दिवसांनी पोट दुखेपर्यंत हसलो.

मग प्रणिताच्या खोलीचं दार वाजवलं. ती खिडकीशी बसली होती. म्हणाली, "बाबा, मागच्या वर्षी मला एकदा दिवस गेले होते. तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं. तुम्हाला सांगितलं नाही."

"का गं?"

"तुम्ही तिकडे, मी इकडे. फोनवर काय रडायचं? हॉस्पिटलातून येऊन मी स्वयंपाक केला आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. मला वजावट नकोय, बाबा. या वेळी घरात कुणीतरी हवंय, ज्याच्यासमोर मला रडता येईल. आणि सगळं नीट झालं, तर ज्याला बाळ पहिल्यांदा देता येईल."

 तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी तिला ताप आला की ठेवायचो तसा. मग म्हटलं, "संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. आणि कचरा मी टाकणार. सगळे वर्ग शिकून."

तिने तिथूनच "अंबरीऽष!" अशी हाक मारली की शेजारच्या घरातलं बोलणं थांबलं.

३० नोव्हेंबर, सोमवार. नारिता विमानतळ

परत निघालोय, पण रीतसर परत येण्यासाठी. कागदपत्रं तिकडून करायची आहेत. आर्याने विचारलं, "आजोबा, यू विल कम बॅक, ना?" मी म्हटलं, 'हाय', म्हणजे हो. एवढं जपानी मला येतं.

१६ फेब्रुवारी २०१६, मंगळवार. डोंबिवली

जपानचं मंजुरीचं पत्र आलं. उरलेल्या अशिलांची कागदपत्रं माझ्याकडे शिकलेल्या नरेंद्रला दिली. तो म्हणाला, "सर, तिकडे वेळ कसा घालवाल?"  सामानात मेथीचे लाडू, डिंक, खारीक, बाळंतशोपा आणि एक मऊ जुनं लुगडं घेतलं. सुरेखाचं. दुपट्यांसाठी याहून चांगलं कापड मिळत नाही.

३ एप्रिल, रविवार. ग्योतोकु

काल मुलगा झाला! दोघं सुखरूप. प्रणिताने बोलल्याप्रमाणे आधी माझ्याच हातात दिला. डोळे मिटलेले, मुठी आवळलेल्या, चेहरा एखाद्या चिडलेल्या कर अधिकाऱ्यासारखा. मी रडलो. नर्सने मला कागदी रुमाल दिला आणि स्वतःही एक घेतला.

नाव पुष्कर ठेवायचं ठरलं. आर्या म्हणते, जपानी तोंडाला ते 'पुसुकारु' होईल. होऊ दे.

११ जून, शनिवार

मधल्या दिवसांत काही लिहिलं नाही. कधी लिहिणार? दोन महिन्यांच्या माणसाचं वेळापत्रक फार भरगच्च असतं.

आज गावाचं पत्र आलं. प्रणिता रजेवर, पगार नाही, म्हणून तिचं बिल पोस्टाने थेट घरी. अंबरीषरावांचं काल त्यांच्या ऑफिसात आलं होतं, त्यांनी मुद्दाम न उघडता आणलं. दोन्ही पाकिटं एकदम फोडायची ठरली. मी माझा अंदाज पुढ्यात ठेवला. आर्याने टेबलावर चमचा वाजवून सुरुवात केली.

"बाबा, तुम्ही चुकलात!" अंबरीषराव आनंदाने ओरडले. खरंच चुकलो होतो. दोन्ही बिलं माझ्या अंदाजापेक्षा अडीच-अडीच हजार येननी कमी. मी चष्मा पुसून तो कागद आर्याकडून ओळीओळीने वाचून घेतला. गावाच्या वजावटी देशापेक्षा लहान असतात ना, त्याची थोडी भरपाई म्हणून गाव स्वतःहून कर जरा कमी करतं, आणि ती ओळ माझ्या नजरेतून सुटली होती. एवढी वर्षं या धंद्यात काढली, पण सरकारने न मागता परत द्यावं हे माझ्या मनातच आलं नाही.

वाचलेल्या पाच हजारांत सगळ्यांनी सुशी मागवायची असं ठरलं. माझ्यासाठी काकडीची.

तेवढ्यात पुष्करने सूर लावला. प्रणिता नुकतीच आडवी झाली होती, म्हणून मी त्याला खांद्यावर घेऊन बाल्कनीत गेलो. पाठ थोपटत, सुचेल ते गुणगुणत फेऱ्या घालत होतो. समोरच्या इमारतीत एक म्हाताऱ्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी हातातला टॉवेल खाली ठेवला, कठड्याशी आल्या, बाळाकडे बोट केलं आणि मोठ्याने हाक मारली, "ओजीचान!"

ओजीचान म्हणजे आजोबा. या देशात परक्या माणसाने मला मारलेली ही पहिली हाक. मी बाळाचा इवलासा हात वर धरून हलवला. त्या बाईंनी दोन्ही हात हलवले. मग आम्ही दोघं, त्या जपानीत आणि मी मराठीत, बाळ झोपेपर्यंत बोलत राहिलो.